आइस प्लांट: माथ्यावर ऊन, बुडखा कोरडा

आइस प्लांट, म्हणजे जाड रसाळ पानांचं, बहुधा गालिच्यासारखं पसरणारं फुलझाड, उन्हाने सहसा मरत नाही आणि खत कमी पडलं म्हणूनही मरत नाही. ते मरतं बुडख्याशी साचलेल्या ओलीने. खोड जिथे मातीत शिरतं तिथली दोन बोटं जागा सतत दमट राहिली की खालची पानं काचेसारखी पारदर्शक होतात, नुसतं बोट लावलं तरी गळून येतात आणि पाहता पाहता गालिचा मधूनच बसतो. मातीचं मिश्रण, कटिंग वाळवणं, कुंडीची खोली, वरचा खडीचा थर, या सगळ्यामागे हिशेब एकच आहे: पाणी मुळांपर्यंत पोचावं आणि बुडख्याशी थांबू नये.

आधी कोणतं ते ओळखा

आइस प्लांट या एका नावाखाली निदान पाच वेगळी झाडं विकली जातात आणि त्यांच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत. सगळी ऐझोएसी कुळातली, बहुतेक मूळची दक्षिण आफ्रिकेतली. यातल्या बऱ्याच जातींच्या पानांवर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्या असतात. उन्हात त्या बर्फाच्या कणांसारख्या चमकतात, नाव त्यावरून पडलं. थंडीशी त्याचा काही संबंध नाही.

जमिनीलगत पसरणारा खरा गालिचा हवा असेल तर डेलोस्पर्मा घ्या. कूपेरी ही त्यातली सगळ्यांत जास्त लावली जाणारी जात. बारीक, नळीसारखी गोलसर पानं, जांभळट गुलाबी फुलं, उंची १० ते १५ सेंमी आणि पसारा अर्धा मीटरभर. न्यूबिजेनम तिच्याहून बुटकी, पिवळ्या फुलांची आणि थंडीला जास्त काटक. थंडीत तिची पानं तांबूस होतात. हा रोग नव्हे. या कुळात लाल रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो आणि गारठा किंवा कडक ऊन पडलं की तो वाढतो. ‘फायर स्पिनर’ हा २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्लांट सिलेक्ट या उपक्रमातून बाजारात आलेला वाण. नारिंगी पाकळ्या, आत जांभळट कडं आणि मधोमध पांढरा ठिपका. दिसायला याच्या तोडीचा दुसरा नाही, पण तो वसंतात एकदा भरभरून फुलतो आणि नंतर तुरळक. वर्षभर फूल हवं असणाऱ्यांनी त्याच्या फोटोवर भाळू नये.

लॅम्प्रॅन्थस झुडुपासारखा, ३० सेंमीच्या आसपास वाढतो. खोड जून झालं की लाकडासारखं कडक होतं. पाकळ्यांना रेशमाची झाक असते आणि भर फुलात पानं दिसेनाशी होतात. ॲप्टेनियाची पानं हृदयाच्या आकाराची, चपटी, फुलं लहान आणि लालसर गुलाबी. नर्सरीत तो बेबी सन रोझ म्हणूनही मिळतो. पाचांतला हा सर्वांत सोसणारा: थोडी सावली, थोडं जास्त पाणी, दोन्ही चालवून घेतो. पहिल्यांदाच लावत असाल तर याच्यापासून सुरुवात करा. डोरोथिॲन्थस हा एका हंगामाचा, बियांपासून करायचा. पाकिटावर बऱ्याचदा अजून मेसेम्ब्रिॲन्थेमम असंच छापलेलं असतं. पाचवा कार्पोब्रोटस, बोटभर लांबीच्या तिधारी पानांचा दांडगा वेल. त्याबद्दल शेवटी, कारण तो लावण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

पोर्तुलाका, म्हणजे ऑफिस टाइम किंवा चिनी गुलाब, याच्याशी आइस प्लांटची गल्लत नेहमी होते. ओळखायची खूण सोपी आहे. पोर्तुलाकाची पानं फांदीवर आळीपाळीने येतात आणि पानाच्या बेचक्यात बारीक केसांचा झुपका असतो. डेलोस्पर्मा, लॅम्प्रॅन्थस आणि ॲप्टेनियाची पानं समोरासमोर जोडीने येतात, केस नसतात आणि फूल असंख्य दोऱ्यांसारख्या अरुंद पाकळ्यांचं असतं. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत या पाकळ्याही नव्हेत, रूप बदललेले पुंकेसर आहेत.

जागा

रोज किमान सहा तास थेट ऊन. याहून कमी मिळालं तर झाड जगेल, पण पेरांमधलं अंतर वाढून फांद्या लोंबकळतील आणि कळ्या उघडणार नाहीत. फुलं सकाळचं ऊन चढलं की उमलतात, दुपार कलली की मिटतात आणि ढगाळ दिवशी उघडतच नाहीत. झाड आजारी आहे असं समजून ढगाळ आठवड्यात त्याला खत-पाणी देणारे बरेच भेटतात. काही करू नका, ऊन पडू द्या.

भिंतीच्या कडेची, उताराची, दगडांच्या सांदीतली जागा उत्तम. छपराची पागोळी जिथे पडते ती जागा अजिबात नको. हिरवळीच्या स्प्रिंकलरच्या टप्प्यातली जागाही नको, कारण हिरवळीला रोज लागणारं पाणी याला मारून टाकतं. उन्हाळा फारच कडक असेल तर जमिनीतल्या झाडांचं फारसं बिघडत नाही, कुंडीतल्यांचं बिघडतं: काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः भाजतात. अशा वेळी कुंडी फिकट रंगाची घ्या किंवा दुपारी दोननंतर सावली येईल अशी सरकवा.

माती

कुंडीसाठी मिश्रण असं: दोन भाग भरड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग परलाइट किंवा प्यूमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र दगडी दाणे), एक भाग कोकोपीट किंवा चाळलेली बागेची माती. जुनं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत घालायचंच असेल तर एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. वाळूचा दाणा २ ते ४ मिमीचा हवा. गिलाव्याची बारीक वाळू मातीतल्या पोकळ्या बुजवते, म्हणून ती नको. वाळू स्वच्छ आहे का हे पाहायला काचेच्या पेल्यात मूठभर वाळू आणि पाणी घालून ढवळा. मिनिटभरानेही पाणी गढूळच राहिलं तर त्यात गाळ आहे, दोन-तीनदा धुऊन घ्या.

मिश्रण तयार झालं की ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला गेला तर अजून खडी घाला. भुगा होऊन बोटांतून सांडलं तर जमलं. दुसरी परीक्षा कुंडीत: मिश्रण भरून वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर न तुंबता खाली उतरलं पाहिजे आणि दहा-पंधरा सेकंदांत भोकातून यायला लागलं पाहिजे.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खापऱ्या घालायची जुनी सवय इथे उपयोगाची नाही. बारीक मातीखाली भरड थर आला की पाणी त्या सीमेवर अडून राहतं आणि ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एखादीच खापरी पुरे, बाकी वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण. कुंडी उथळ आणि पसरट, १२ ते १५ सेंमी खोल. मुळं फार खोल जात नाहीत, त्यामुळे खोल कुंडीत तळाची माती ओलीच राहते. चकाकी नसलेली मातीची कुंडी सर्वांत बरी, ती बाजूंनीही सुकते.

जमिनीत लावायचं तर आधी निचरा बघा. ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांनीही खड्ड्यात असेल तर ती जागा तशीच्या तशी चालणार नाही. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळून ती सुधारत नाही. उलट सुकल्यावर विटेसारखी घट्ट होते. त्यापेक्षा वर १५ ते २० सेंमी उंचीचा वाफा करा, तो खडी-मातीने भरा, माथा मधोमध थोडा फुगीर ठेवा आणि लागवड माथ्यावर करा.

कटिंग: रोपं वाढवायचा मुख्य मार्ग

डेलोस्पर्मा, लॅम्प्रॅन्थस आणि ॲप्टेनिया यांची रोपं बियांपासून करण्यात वेळ घालवू नका. कटिंगपासून केलेलं रोप हुबेहूब आईसारखं येतं आणि त्याच हंगामात फुलतंही.

वेळ निवडताना तीन गोष्टी टाळा: भर फुलोरा, सलग पाऊस आणि कडाक्याचा उन्हाळा किंवा थंडी. हवा कोरडी आणि तापमान १८ ते २५ अंश असेल तेव्हा काम सर्वांत सोपं जातं. आईझाडाला दोन दिवस आधी पाणी द्या म्हणजे फुटवे भरलेले राहतील. आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी नको.

फुटवा निवडताना बोटांनी चाचपून बघा. टोकाकडचा भाग कोवळा आणि पाणीदार असतो, तो कुजतो. बुडाकडचा जून भाग तपकिरी आणि कडक असतो, त्याला मुळं सावकाश येतात. या दोहोंच्या मधला, हिरवा पण वाकवला तर ताठ राहणारा भाग पाया म्हणून हवा. म्हणजे कटिंग ५ ते ८ सेंमीचं, तीन-चार पेरांचं आणि कळी नसलेलं. कळी असेल तर खुडून टाका, नाहीतर कटिंग आपला साठा फुलावर खर्च करतं आणि मुळांसाठी काही उरत नाही.

काप पेराच्या जरा खाली, २-३ मिमीवर घ्या. मुळं मुख्यतः पेरातून फुटतात. लांब रिकामा दांडा ठेवला तर तो फक्त कुजायच्या कामाचा. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून वापरा. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि चिरडलेल्या भागातून बुरशी शिरते. खालच्या दोन जोड्या पानं काढताना खाली ओढू नका. पानाबरोबर सालीची पट्टी सोलून निघते. पान बाजूला हलकंसं पिरगाळा, टचकन सुटतं.

आता वाळवणं, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. कटिंग्ज कागदावर मोकळी मांडून हवेशीर सावलीत ठेवा. बारीक फांदीच्या डेलोस्पर्माला एक ते दोन दिवस, लॅम्प्रॅन्थसला दोन, जाड कार्पोब्रोटसला चार-पाच. ॲप्टेनियाला काही तास पुरतात. तो पेल्यातल्या पाण्यातही मुळं धरतो. दिवस मोजण्यापेक्षा कापाकडे बघणं बरं. ताजा काप हिरवट आणि ओला चकाकतो. तयार काप मंद, गवती रंगाचा दिसतो आणि नख टेकवलं तर ओल लागत नाही. या वेळेपर्यंत वरची पानं किंचित मऊ पडलेली असतात. ते ठीक आहे. कटिंग तहानलेलं असलं की मुळं लवकर टाकतं.

रुजवायच्या मिश्रणात खत घालू नका: निम्मी भरड वाळू किंवा परलाइट, निम्मं कोकोपीट. कोकोपीट आधी भिजवून, दोन-तीनदा धुऊन, पिळून घ्या, कारण त्यात क्षार असतात. ट्रे भरून पाणी द्या आणि तासभर निथळू द्या. मग काडीने भोक पाडून कटिंग २ सेंमी आत बसवा. नुसतं खुपसलं तर काप घासून पुन्हा उघडा पडतो. किमान एक पेर मातीत गेलं पाहिजे आणि खालचं पान मातीला टेकता कामा नये. दोन कटिंग्जमध्ये ३ सेंमी अंतर ठेवा आणि बाजूची माती दोन बोटांनी हलकीच दाबा. मुळं फुटायची पावडर लागत नाही. वापरायचीच असेल तर काप टेकवून जास्तीची झटकून टाका. पावडरचा जाड लेप ओल धरून ठेवतो.

ट्रेवर प्लास्टिकची पिशवी घालू नका. गुलाब-जास्वंदीच्या कटिंगला मिळणारी ही वागणूक इथे हमखास कुजवते. झगझगीत उजेड, पण दुपारचं थेट ऊन नाही, अशी जागा पहिले दहा-बारा दिवस पुरे. लावल्यावर तीन दिवस पाणी देऊ नका, मिश्रणात आधीची ओल आहेच. नंतर वरचा सेंटिमीटरभर थर सुकला की बारीक तोंडाच्या झारीने कटिंग्जच्या मधल्या जागेत द्या.

दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. कटिंग हलकेच वर ओढून बघायची सगळ्यांची सवय, पण त्यात कोवळी मुळं तुटतात. शेंड्याला नवी पानांची जोडी ताठ उभी दिसली की आत मुळं आहेत असं समजा. मग ऊन वाढवत न्या: तीन-चार दिवस सकाळचे दोन तास, पुढे चार, दहाएक दिवसांत पूर्ण ऊन. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ८ सेंमीच्या कुंडीत हलवा आणि शेंडा सेंटिमीटरभर खुडा. खुडला नाही तर एकच शेपूट लांबत जातं.

बिघडतं कुठे? बूड काळं पडलं तर काप ओला होता किंवा मिश्रण दमट. काळ्या भागाच्या वर, आत फिकट हिरवं दिसेल तिथे पुन्हा कापा, पुन्हा वाळवा, नव्या मिश्रणात लावा. निम्मी तरी वाचतात. पानं सुरकुतली पण खोड टणक आहे, असं पहिल्या दहा दिवसांत दिसलं तर पाण्याला हात लावू नका. मुळंच नाहीत तर पाणी पिणार कोण? महिना झाला, कटिंग जिवंत आहे पण वाढ नाही, तर बहुधा थंडी आहे किंवा उजेड कमी. आणि हव्या असलेल्या रोपांपेक्षा दोन-चार कटिंग्ज नेहमी जास्तीची लावा.

आयती रोपं

पसरलेल्या झाडाची कड उचलून पाहिलीत तर खालच्या पेरांना पांढरी मुळं आधीच आलेली दिसतात. मुळांसकट १० सेंमीचा तुकडा कापून, दिवसभर सावलीत ठेवून थेट कुंडीत लावता येतो. मुळं आली नसतील तर फांदीवर मूठभर भरड वाळू टाका, वर लहान दगड ठेवा आणि तीन आठवड्यांनी बघा.

दोन-तीन वर्षांच्या डेलोस्पर्माचा मध्य जून होऊन उघडा पडतो. तेव्हा नवी वाढ सुरू होताना गड्डा खणून सुरीने मुठीएवढे, मुळं असलेले भाग करा. मधला लाकडी भाग फेकून द्या. कडेच्या भागांचे काप एक दिवस सुकू द्या, लावा, आणि पाणी तीन दिवसांनी. खणायचं नसेल तर उघड्या मध्यावर खडी आणि वाळूचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर थर पसरून कडेच्या दोन-चार फांद्या आत वळवून टेकवा. हंगामाभरात भोक भरून येतं.

बी

डोरोथिॲन्थस बियांपासूनच करायचा. डेलोस्पर्माचंही बी मिळतं, पण संकरित वाणांच्या बियांतून आईसारखं रोप येण्याची खात्री नाही.

घरचं बी काढायचं तर सुकलेलं, तपकिरी झालेलं बोंड घ्या आणि चमचाभर पाण्यात टाका. काही मिनिटांत त्याच्या पाच पाकळ्या चांदणीसारख्या उघडतात आणि आतले धुळीएवढे दाणे दिसतात. बाहेर काढून वाळवलं की बोंड पुन्हा मिटतं. मूळच्या कोरड्या मुलखात बी फुकट जाऊ नये म्हणून ही सोय आहे: पाऊस पडल्यावरच दार उघडायचं आणि थेंबांच्या माऱ्याने बी उडवायचं. आपल्याला तिचा फायदा असा, की उघडलेल्या बोंडावर ड्रॉपरने पाण्याचे चार थेंब मारले की बी आपोआप चमच्यात उतरतं. ते टिपकागदावर सुकवून पुडीत ठेवा. कोरडं बोंड चिरडूनही बी निघतं, पण मग भुसा आणि बी वेगळं करत बसावं लागतं. बोंड झाडावर ओलं असतानाच तोडलं तर आत दाणे राहिलेले नसतात.

पेरणीला १६ ते २० अंशांची हवा हवी. २५च्या वर उगवण घटते. बी दहापट कोरड्या बारीक वाळूत मिसळून ओल्या, निथळलेल्या मिश्रणावर भुरभुरा. वर माती घालू नका. इतकं बारीक बी थराखालून वर येऊ शकत नाही. पाणी वरून मारलं तर दाणे वाहून एका कोपऱ्यात जमतात, म्हणून ट्रे पंधरा-वीस मिनिटं उथळ पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या. वर काच ठेवायची तर एका बाजूला काडी घालून फट ठेवा आणि पहिली रोपं दिसताच काढून टाका. उगवण दहा दिवसांत सुरू होते, मागे राहिलेलं बी महिन्यापर्यंत येत राहतं.

रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडायला लागली तर तो मर रोग. दाट पेरणी आणि कोंदट हवा ही त्याची कारणं. पडलेली रोपं मातीसकट चमच्याने उचलून टाका, ट्रे हवेत आणा, पाणी थांबवा. चार पानांवर आली की ५ सेंमीवर विरळणी करा, पुढे १५ ते २० सेंमी अंतराने लावा. पेरल्यापासून साधारण तीन महिन्यांत फुलं येतात. फुलून बी धरलं की हे झाड संपतं, त्याला वाचवायच्या खटपटीत पडू नका.

लागवड आणि पुढची देखभाल

डेलोस्पर्मासाठी दोन रोपांत ३० सेंमी अंतर. म्हणजे चौरस मीटरला अकरा रोपं. एका हंगामात जमीन झाकायची घाई असेल तर २५ सेंमीवर सोळा. रोप कुंडीतल्या पातळीपेक्षा अर्धा सेंटिमीटर उंच बसवा, कारण माती खाली बसते आणि रोप खळग्यात जातं. वर दोन सेंमी खडीचा थर द्या, अगदी बुडख्याला भिडवून. त्यामुळे पानं ओल्या मातीला टेकत नाहीत आणि शिंतोडेही उडत नाहीत. पालापाचोळा, भुसा किंवा सालींचं आच्छादन इथे नको.

लावल्यानंतर महिना-दीड महिना आठवड्यातून एकदा पाणी. मुळं धरल्यावर कोरड्या, गरम दिवसांत जमिनीतल्या झाडाला दहा-पंधरा दिवसांनी आणि कुंडीतल्याला चार ते सात दिवसांनी पुरे. थंडीत तीन-चार आठवड्यांनी, तेही माती तळापर्यंत सुकली असेल तरच. देताना मात्र भोकातून वाहेपर्यंत द्या आणि बशीतलं पाणी ओतून टाका. रोज थोडं थोडं शिंपडणं ही सर्वांत वाईट पद्धत: वरचा बुडखा ओला, खालची मुळं कोरडी.

पण वेळापत्रकापेक्षा पान विश्वासाचं. अंगठा आणि तर्जनीत एक पान धरा. टणक, फुगलेलं असेल तर पाणी नको. किंचित मऊ आणि अंगावर बारीक उभ्या सुरकुत्या असतील तर द्या. अडचण अशी, की मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्यासारखंच मलूल दिसतं. अशा वेळी काडी मातीत पाच सेंमी खुपसून बाहेर काढा. काडी कोरडी तर पाणी द्या. काडी ओली आणि झाड तरीही मलूल, तर पाणी अजिबात नको. झाड उपटा, कुजकी मुळं छाटा आणि वरच्या धडधाकट फुटव्यांची ताबडतोब कटिंग्ज करा. मूळ झाड वाचवण्याच्या नादात कटिंग्जची संधीही जाते.

या कुळाची तहान कमी का, हे त्यातल्या मेसेम्ब्रिॲन्थेमम क्रिस्टॅलिनम या जातीत छान दिसतं. दुष्काळ किंवा खारेपणा जाणवला की ती आपली श्वासाची वेळच बदलते: पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे रंध्रं, दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. पानांवरच्या पुटकुळ्यांत ती मीठही साठवते, आणि मेल्यावर ते सगळं जमिनीत सोडून शेजाऱ्यांना जड जाते.

खत वर्षातून एकदा, नवी वाढ सुरू होताना, कोणतंही संतुलित विद्राव्य खत पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव पटीने. शेणखताचा जाड थर किंवा युरिया दिला तर हिरवा पसारा लुसलुशीत वाढतो, फुलं घटतात आणि पहिल्याच पावसात फांद्या कुजतात. फुलोरा ओसरला की कात्रीने वरचा एक तृतीयांश भाग छाटा. लॅम्प्रॅन्थस छाटताना पानं नसलेल्या लाकडी भागापर्यंत जाऊ नका, तिथून तो क्वचितच फुटतो. छाटलेले धडधाकट शेंडे कटिंगसाठी आयतेच मिळतात.

कीड

पिठ्या ढेकूण हा मुख्य त्रास. पानांच्या जोडीच्या बेचक्यात कापसासारखे ठिपके दिसतात. त्याआधी मुंग्यांची ये-जा दिसते, तेव्हाच तपासा. कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक ठिपका पुसा, आठवड्याने पुन्हा, आणखी आठवड्याने पुन्हा. झाड उगाच खंगतंय आणि वर काही दिसत नाही, तर कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी पूड दिसली तर ती मुळांवरची पिठ्या ढेकूण. सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा, दोन दिवस सुकवा, नव्या मिश्रणात लावा. कळ्यांवरच्या माव्याला साधा पाण्याचा फवारा पुरतो, पण सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत झाड सुकेल. निंबोळी तेल मारायचं तर ऊन उतरल्यावर. भर उन्हात तेल मारलं की पानांवर भाजल्याचे डाग पडतात. डोरोथिॲन्थसची कोवळी रोपं गोगलगाई रात्रीत फस्त करतात, त्यांना हाताने वेचण्यासारखा उपाय नाही.

पाऊस आणि थंडी

जिथे महिनोन्‌महिने पाऊस पडतो तिथे कुंड्या पारदर्शक छपराखाली, चारही बाजूंनी वारा खेळेल अशा ठेवा. घरात नेणं हा उपाय नव्हे, तिथे उजेड पुरत नाही. जमिनीतलं झाड पावसात वाचेलच असं नाही, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी महिनाभर दहा-बारा कटिंग्जचा एक ट्रे राखीव करून ठेवा. पावसानंतर पोकळ्या त्यातूनच भरायच्या.

थंडीत कूपेरी कोरड्या मातीत उणे २० अंशांच्या आसपासही तग धरतो. तोच ओल्या मातीत त्याहून कितीतरी सौम्य गारठ्यात जातो. लॅम्प्रॅन्थस आणि ॲप्टेनिया हलक्या दहिवरापलीकडे टिकत नाहीत, त्यांना आडोसा द्या किंवा कटिंग्ज उजेडाच्या खिडकीत सांभाळा.

कार्पोब्रोटसबद्दल

झपाट्याने पसरतो, वाळू धरतो आणि मोठी फुलं देतो, म्हणून हा वेल मोहात पाडतो. कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेमार्गांच्या कडा धरून ठेवायला तो लावला गेला आणि पुढे हमरस्त्यांच्या कडेने १९७०च्या दशकापर्यंत लावत राहिले. तिथल्या किनाऱ्यांवर आणि भूमध्य समुद्राच्या काठी त्याने स्थानिक झाडं गुदमरवली. धूप थांबवायलाही तो वाटतो तितका कामाचा नाही: मुळं उथळ आणि पानं पाण्याने जड, त्यामुळे तीव्र उतारावर ओल्या मातीसकट अख्खा थर घसरतो. समुद्रकाठी, ओढ्याकाठी किंवा मोकळ्या रानालगत तो लावूच नका. कुंडीत लावला तर छाटलेले तुकडे मातीवर किंवा कंपोस्टच्या ढिगावर टाकू नका. पेर शाबूत असलेला तुकडा पडल्या जागी मुळं धरतो. ते काँक्रीटवर कडक उन्हात पसरा, मधूनमधून उलटा आणि पानं चामड्यासारखी सुकून खोड वाकवताच कडकन मोडायला लागलं की मगच कचऱ्यात जाऊ द्या.